अगोदर उलटण्यास शिकावें

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशीं इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टींत मजकडे आला. आईवडिलांबरोबर तो कोकणांत गेला होता, आणि तेथें खाडीच्या पाण्यांत अर्धा तास कयाक नांवाच्या लांबट, अरुंद होडींत बसून त्यानें वल्हें मारलें होतें. "सर, मला आतां कयाक येते. मे महिन्यांत मी समुद्रांत जाणार आहें," असें त्यानें मोठ्या आनंदानें सांगितलें. दोनच दिवसांनीं त्याच्या वडिलांचीही गांठ पडली. मुलाचा हट्ट पुरवावा कीं न पुरवावा, हा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही वेळां मीं कांहींतरी थोडकें बोलून वेळ निभावून नेली; परंतु प्रश्न मनांतून गेला नाहीं. त्याचें उत्तर नीट विचार करून द्यावें, आणि तें इतर मुलांच्या व पालकांच्याही उपयोगीं पडावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

"येते" हा आपल्या भाषेंतील एक फसवा शब्द आहे. अमक्याला पोहतां येतें असें आपण म्हणतों. पण तें विहिरींत येतें कीं पुराच्या नदींत येतें, हें त्या शब्दांत सांगितलेलें नसतें. कयाकच्या बाबतींत तर हा शब्द अधिकच फसवितो, कारण शांत पाण्यांत ती होडी पांच मिनिटांत वश होते. वल्ह्याला दोन्ही टोकांस पातें असतें. एकदां उजवीकडे मारावें, एकदां डावीकडे मारावें, होडी पुढें जाते. ह्यापलीकडे शांत पाणी कांहीं विचारीतच नाहीं. पुढचे प्रश्न समुद्र विचारतो. आणि उत्तर येत नसेल तर पुस्तक उघडून पाहण्यास तो सवड देत नाहीं.

ही होडी ज्या लोकांनीं निर्माण केली त्यांना हें पक्कें ठाऊक होतें. ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग व अलास्का ह्या प्रदेशांतील इन्युइट व त्यांच्याशीं संबंधित लोकांची ती शिकारीची होडी. समुद्रानें वाहून आणलेल्या लांकडाचा सांगाडा करावयाचा व त्यावर सीलचें कातडें ताणून शिवावयाचें. ग्रीनलंडांतील कयाक लांबीला पांच मीटरांच्या आसपास, आणि रुंदीला जेमतेम अर्धा मीटर. मध्यें बसण्यापुरतें एक भोंक. शिकारी त्यांत शिरला म्हणजे आपल्या कातडी अंगरख्याची खालची कड त्या भोंकाच्या कांठावर आवळून बांधी. मग होडी उलटली तरी आंत पाणी शिरत नसे. आणि होडी उलटत असे, हें गृहीत धरूनच सारी रचना केलेली होती. बर्फाळ पाण्यांत होडींतून बाहेर पडणें म्हणजे बहुधा मरणच. म्हणून बाहेर न पडतां, पाण्याखालीं डोकें असतांनाच, वल्ह्याच्या एका फटक्यानें होडीसकट पुन्हा सरळ होण्याची विद्या त्यांनीं साधली. तिचे तीसांहून अधिक प्रकार ग्रीनलंडांत आजही शिकविले जातात. वल्हें हातांत असतां सरळ होणें हा एक प्रकार. वल्हें हातचें गेलें असतां नुसत्या हातानें सरळ होणें हा दुसरा. भाल्याच्या दांड्यानें सरळ होणें हा आणखी एक. म्हणजे संकट कोणकोणत्या रूपानें येऊं शकेल ह्याचा विचार अगोदर करून, प्रत्येकाचें उत्तर त्यांनीं हातांत बसवून ठेविलें होतें. पाण्याबाहेरही अभ्यास चाले. दोन खांबांमध्यें ताणलेल्या दोरांवर अंग तोलणें, गोल फिरणें, पुन्हा वर येणें असे कसरतीचे खेळ तेथें अद्याप खेळले जातात, आणि त्यांतून शरीर कयाकसाठीं तयार होतें.

इतकें असूनही समुद्र तेथील शिकाऱ्यांचा बळी घेत असे. कौशल्यानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. ह्याचें एक उदाहरण युरोपीय माणसाचेंच आहे. गिनो वॉटकिन्स ह्या तरुण इंग्रज संशोधकानें १९३०–३१ सालच्या ग्रीनलंडच्या मोहिमेचें नेतृत्व केलें. तेथल्या लोकांकडून तो कयाक चालविण्यास व उलटून सरळ होण्यास शिकला, आणि त्यांत इतका निष्णात झाला कीं त्यांच्याप्रमाणें तो सीलची शिकार करूं लागला. पुढच्याच मोहिमेंत, २० ऑगस्ट १९३२ रोजीं, तो सकाळीं एकटाच शिकारीस गेला. सोबत्यांना त्याची कयाक पाण्यावर तरंगतांना सांपडली. तो सांपडला नाहीं. वय पंचवीस वर्षें. काय घडलें हें पाहण्यास कोणीच जवळ नव्हतें, आणि हात देण्यासही कोणी नव्हतें.

निष्णाताची ही कथा. आतां नवख्यांची सांगावयाची आहे, आणि ती सांगतांना शिक्षक म्हणून माझा हात जड होतो. कारण त्या होड्यांत बसलेलीं मुलें तुमच्याहून फार मोठीं नव्हतीं, व त्यांच्याबरोबर त्यांचे शिक्षकही होते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नांवाचें एक लहान बंदर आहे. २२ मार्च १९९३ रोजीं सकाळीं तेथून प्लिमथच्या एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक, आणि तेथील साहस-केंद्राचे दोन मार्गदर्शक अशीं अकरा माणसें कयाकमध्यें बसून निघालीं. जावयाचें होतें चारमथ ह्या शेजारच्या गांवीं. अंतर सुमारें ३ किलोमीटर. दुपारच्या जेवणापर्यंत सर्व आटोपावें असा बेत. विद्यार्थी नवखे होते, शिक्षकही नवखेच होते, आणि मार्गदर्शकांजवळ अगदीं प्राथमिक पात्रता होती. निघाल्यावर थोड्याच वेळांत शिक्षकांची होडी उलटली. त्यांना सरळ करावें तों ती पुन्हा उलटे. एक मार्गदर्शक त्यांच्यापाशीं राहिला. दुसऱ्यानें आठही मुलांच्या होड्या एकमेकींस लावून, हातांनीं धरून, एक तराफा केला व वाट पाहिली. ही वाट पाहण्याची वेळच घातक ठरली. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. मुलांचा तराफा हळूहळू खोल पाण्याकडे जाऊं लागला, शिक्षक व पहिला मार्गदर्शक दिसेनासे झाले, लाटा मोठ्या झाल्या. बसण्याच्या भोंकांवर झांकणाचें कापड नव्हतें. त्यामुळें प्रत्येक लाटेचें पाणी आंत शिरे. एकामागून एक होड्या भरल्या व उलटल्या. मदत मागण्यासाठीं त्यांच्याजवळ ना बिनतारी यंत्र होतें, ना आकाशांत सोडावयाचे इषाऱ्याचे दारूबाण. दुपार टळून गेली तरी मंडळी परतली नाहीं, तेव्हां उशिरां तटरक्षकांना कळविण्यांत आलें. हेलिकॉप्टरांनीं वर काढीपर्यंत मुलें कित्येक तास थंड पाण्यांत होतीं. आठांपैकीं चार मुलें वांचलीं नाहींत. तीं सोळा-सतरा वर्षांचीं होतीं.

ह्या घटनेंत वादळ नव्हतें, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. नाट्यमय असें कांहींच नव्हतें. एक होडी उलटली आणि ती सावरण्याची पद्धत कोणाच्या हातांत बसलेली नव्हती. एवढ्या एका गांठीपासून पुढचा सारा गुंता झाला. त्याहून मनाला लागणारी गोष्ट ही कीं, तेथें सुरक्षितता पुरेशी नाहीं असें आधींच्या वर्षीं केंद्र सोडून गेलेल्या मार्गदर्शकांनीं चालकांना पत्र लिहून कळविलें होतें. १९९४ सालीं न्यायालयानें केंद्र चालविणाऱ्या कंपनीला व तिच्या व्यवस्थापकीय संचालकाला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविलें. इंग्लंडांत एखादी कंपनी अशा गुन्ह्यांत दोषी ठरण्याची ती पहिली वेळ. मृत मुलांच्या पालकांनीं व इतरांनीं प्रश्न धसास लावला, १९९५ सालीं पार्लमेंटनें स्वतंत्र कायदा केला, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून मुलांना असल्या साहसांस नेणाऱ्या केंद्रांना परवाना घ्यावा लागूं लागला.

मीं स्वतः ह्या विषयांत अगदीं निर्दोष आहें असें नाहीं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, अन्य एका ठिकाणीं असतांना, मीं बारा मुलांना खाडींत सहलीस नेलें होतें. दोन भाड्याच्या होड्या. वल्हीं मुलांच्याच हातीं. जातांना अर्धा तास लागला, आणि मुलांच्या मनगटांचें मीं कौतुक केलें. खरें पाहतां कौतुक ओहोटीचें करावयास हवें होतें. परततांना तेंच पाणी तोंडावर आलें. दोन तास वल्हवूनही समोरचें पिंपळाचें झाड जागचें हलेना. अखेर एका मचव्यावरच्या खलाशांनीं दोर टाकून आम्हांस ओढून आणलें. कोणास इजा झाली नाहीं. घरीं गेल्यावर मुलांनीं गंमत म्हणून हकीकत सांगितली, पालकांनीं माझे आभारही मानले. मला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. सहल सुखरूप झाली म्हणजे ती बरोबर आंखली होती, असें मी तेव्हांपासून मानीत नाहीं.

आतां वाऱ्याविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण नवख्यांना सर्वांत अधिक तोच फसवितो. भूगोलाच्या तासाला आपण खारे वारे व मतलई वारे शिकतों. परीक्षेंत आकृतीला गुण मिळतात, आणि आकृती तेथेंच राहते. रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लौकर थंड होते, म्हणून पहांटे व सकाळीं वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो; हा मतलई वारा. जमीन तापली म्हणजे दुपारीं तो उलट समुद्राकडून येतो. आतां सकाळीं किनाऱ्यावर उभें राहून पाहा. वारा पाठीमागून येत असल्यामुळें झाडें, टेकड्या व घरें त्याला अडवितात. कांठाजवळचें पाणी आरशासारखें दिसतें. लाट वाढण्यासाठीं वाऱ्याला पाण्यावरून कांहीं अंतर धांवावें लागतें, आणि कांठाशीं तें अंतरच त्याला मिळालेलें नसतें. म्हणून वाटतें कीं आजच्यासारखा दिवस नाहीं. होडी आंत लोटली कीं ती आपोआप पुढें जाते. मुलाला वाटतें, आपली ताकद वाढली. अर्धा किलोमीटर गेल्यावर आडोसा संपतो, वारा मोकळा लागतो, लाटा उठूं लागतात. परत वळावें तों वारा छातीवर. शांत पाण्यांत नवशिक्याची होडी तासाला चार-पांच किलोमीटर जाते. समोरून जोराचा वारा असतां ती जागच्या जागीं राहते, आणि वल्हें थांबविलें कीं मागें जाते. दुपारचा समुद्रावरून येणारा वारा लाटांनीं घाबरवितो खरा, पण निदान माणसाला किनाऱ्याकडे लोटतो. जो वारा समुद्र गुळगुळीत दाखवितो त्यालाच अधिक भ्यावें.

खाडीच्या मुखाशीं ह्यांत ओहोटीची भर पडते. मुंबईच्या बाजूस उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळींत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. एवढें पाणी सहा तासांत अरुंद मुखांतून बाहेर जावयाचें, तेव्हां त्याचा ओढ काय असेल ह्याची कल्पना करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण व अष्टमीच्या सुमारास भांग, हें कोळ्याच्या घरांतील लहान मुलासही ठाऊक असतें. तें आपल्या मुलांना कां ठाऊक नसावें? कोळी लोक नारळी पौर्णिमेपूर्वीं समुद्राला नमस्कार करून दूर राहत आले. आजही महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ह्यांत मासळीच्या वाढीचा हेतु आहेच. पण पावसाळ्यांतला आपला समुद्र जन्मभर त्यावर वावरलेल्यांनाही नकोसा असतो.

लाइम रीजिसच्या मुलांचा घात थंडीनें केला. मार्च महिन्यांत तेथील समुद्र वर्षांतल्या अत्यंत थंड स्थितींत असतो. थंड पाण्याविषयीं अभ्यास करणारे १-१०-१ अशी एक खूणगांठ सांगतात: पडल्यावर पहिलें १ मिनिट श्वास ताब्यांत आणण्यांत जातें, पुढें सुमारें १० मिनिटें हातपाय उपयोगीं पडतात, आणि शरीर थंड पडून शुद्ध हरपण्यास साधारण १ तास लागतो. अर्थात् जीवरक्षक जाकीट अंगावर असेल तर. नसेल तर तो तास मिळतच नाहीं. आपला समुद्र उबदार असल्यानें हें गणित आपणांस तसेंच्या तसें लागू नाहीं. परंतु दमलेला, तहानलेला, उन्हानें भाजलेला मुलगा उबदार पाण्यांतही बुडतो.

मग शिकावें कसें? माझें उत्तर असें आहे कीं, पुढें जाण्यास शिकण्यापूर्वीं उलटण्यास शिकावें. कमरेइतक्या, स्वच्छ, बंद पाण्यांत, जवळ जाणता माणूस उभा असतां, मुद्दाम होडी उलटी करावी आणि बाहेर पडावें. बंद प्रकारच्या कयाकमध्यें डोकें खालीं गेलें कीं प्रथम भीति वाटते. म्हणून समोरच्या कापडाची दोरी हातानें चांचपून ओढणें, पाय सैल करणें व बाहेर सरकणें, एवढें दहा-वीस वेळां करावें. मग बाहेर पडल्यावर होडी न सोडणें. माणसाचें डोकें लाटेंत दिसत नाहीं, होडी दिसते. शिवाय रिकामी होडी वाऱ्यावर माणसाच्या पोहण्याहून वेगानें पळते. त्यानंतर दुसऱ्यानें आपली होडी आडवी लावून पाणी ओतून द्यावें व आपणांस पुन्हा आंत घ्यावें, ही जोडीची पद्धत. वल्ह्याच्या पात्याला हवेची पिशवी बांधून एकट्यानें चढणें ही त्याच्या पुढची पायरी. उलटून सरळ होण्याची ग्रीनलंडची विद्या त्याच्याही पुढें. कोकणांत भाड्यानें मिळतात त्या बहुधा वर उघडें बसावयाच्या होड्या असतात. त्यांत अडकण्याचें भय नाहीं, परंतु पडल्यावर पुन्हा चढणें तेथेंही शिकावेंच लागतें, आणि दमलेल्या हातांनीं तें किती अवघड आहे हें करून पाहिल्यावांचून समजत नाहीं.

तलावांत हें साधलें म्हणजे थोड्या वाऱ्यांत तेंच करावें. मग खाडींत, भरतीच्या पाण्यांत. मग किनाऱ्यालगत समुद्रावर. प्रत्येक वेळीं एकच गोष्ट नवी असावी. नवें पाणी, नवी होडी व नवा वारा अशीं तिन्हीं एकाच दिवशीं घेऊं नयेत. ह्याला एक ऋतु लागेल, कदाचित् दोन. मुलांना हें रटाळ वाटेल हें मी जाणतों. पण संगीताच्या शिक्षकानें वर्षभर स्वरच घोटविले तर आपण तक्रार करीत नाहीं.

येथें एखादा हुशार विद्यार्थी मला ऑस्कर श्पेकचें नांव सांगेल. हा जर्मन तरुण १९३२ सालीं उल्म गांवीं डॅन्यूब नदींत घडीची कयाक घालून निघाला आणि १९३९ सालीं ऑस्ट्रेलियास पोहोंचला; वाटेंत तो आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यानेंही गेला. त्याला पोहतां येत नव्हतें असें सांगतात. हें सर्व खरें. पण त्यानें आपल्या देशांतल्या नद्यांवर वल्हें घोटलेलें होतें, आणि समुद्र त्याला नदीनंतर मिळाला. शिवाय जे पोहोंचले त्यांचेंच नांव घेण्याची आपली खोड आहे. फ्रांझ रोमर हा दुसरा जर्मन १९२८ सालीं तशाच होडीनें अटलांटिक महासागर ओलांडून वेस्ट इंडीज बेटांस पोहोंचला, तेथून पुढें निघाला, व वादळांत नाहींसा झाला. त्याचें नांव किती जणांनीं ऐकलें आहे?

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलाला नेणाऱ्या माणसाला प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये. आपण कापड घेतांना धागा ओढून पाहतों. येथें तर मूल द्यावयाचें आहे. किती मुलांमागें एक जाणता? होडी उलटली तर तुम्ही काय करतां, तें आतां करून दाखवाल काय? वारा कोणत्या दिशेनें सुटला तर जाणें रद्द करतां? किनाऱ्यावर कोणाला परतण्याची वेळ सांगून ठेवितां, आणि ती टळली तर तो कोणाला कळवितो? जाकीट मुलाच्या अंगाला घट्ट बसतें कीं खांद्यावरून वर निघून येतें, हें दोन्ही खांदे धरून स्वतः ओढून पाहावें. जो माणूस जाणता आहे तो ह्या प्रश्नांनीं रागावत नाहीं. जो रागावेल त्याच्याकडून मूल परत आणावें, भाड्याचे पैसे बुडाले तरी.

नाताळच्या सुट्टींत तो नववीचा विद्यार्थी, त्याचे वडील व मी, असे तिघे शहराबाहेरच्या एका तलावावर गेलों. तेथें नौका शिकविणारे एक अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांनीं मुलाला वल्हें मारूं दिलेंच नाहीं, कांठाजवळ आडवें नेऊन म्हणाले, "उलट." पहिल्या वेळीं तो वर आला तो ठसकत, वल्हें एकीकडे व होडी दुसरीकडे. दुसऱ्या वेळीं वल्हें राहिलें, होडी गेली. चौथ्या वेळीं दोन्हीं त्याच्या हातांत होतीं. पुन्हा चढणें मात्र सहा वेळां फसलें. सातव्या वेळीं तो पोटावर आडवा पडून कसाबसा वर आला व तसाच कांहीं वेळ धापा टाकीत राहिला. मे महिन्याची गोष्ट त्यानें काढली नाहीं. पाण्याकडे पाहत म्हणाला, "सर, दुसऱ्यांदां होडी सुटली तेव्हां वारा असता, तर ती माझ्यापासून किती लांब गेली असती?"

मीं म्हटलें, पुढच्या रविवारीं वारा असला तर मोजून पाहूं. वडील टॉवेल घेऊन कांठावर उभे होते.